मदत हवी आहे: आईची धास्ती आणि विसराळूपणा, ब्राह्मी किती द्यावी?

अळूवडी: आईला हल्ली सारखी धास्ती वाटते. बेल वाजली तरी दचकते, रात्री उठून गॅस बंद आहे का बघते. शेजाऱ्यांची नावंही आठवत नाहीत. अश्वगंधा सुरू केली तर छातीत धडधड वाढली म्हणते. आता ब्राह्मी द्यावी का? किती? 'डॉक्टरकडे जा' सोडून सांगा, आजच मागवायची आहे.

पाणवठा: वय? बाकी कुठली औषधं चालू आहेत? अश्वगंधेचं चूर्ण की अर्काची गोळी?

कोकणकडा: विकत कशाला घेता? आमच्या परसात ब्राह्मी आहे, वाटीएवढी गोल पानं. रोज सकाळी दोन चावून खायची. माझ्या आत्याला शांत झोप लागते.

घननीळ: गोल पानांची ती मंडूकपर्णी. ब्राह्मीची पानं बारीक, जाडसर, टोकाशी गोलसर, चव कडू. ज्या चाचण्यांत स्मरणशक्तीत थोडा फरक दिसला, त्यांत तिचा अर्क बहुधा रोज ३०० मिलिग्रॅम, १२ आठवडे दिला होता. उपाशीपोटी घेतली की मळमळतं.

कोकणकडा: आत्याची झोप खोटी का मग?

दहावीची_आई: मुलाला शंखपुष्पीचं सरबत देऊ का? बोर्डाचं वर्ष आहे.

घननीळ: फिटची औषधं चालू असतील तर अजिबात नको. शंखपुष्पीने फेनिटोइन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी खाली येते.

अळूवडी: माझ्या प्रश्नाचं कुणी बोलेल का? वय ६६. थायरॉइडची गोळी सोडली तर औषध काहीच नाही. अश्वगंधा अर्काची.

पाणवठा: अहो, तीच गोळी महत्त्वाची! अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. वर गोळी चालू, म्हणजे धडधड, घाबरल्यासारखं होणं, झोप उडणं. यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. अश्वगंधा आजच थांबवा, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइडची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

सह्यकडा: सोबत बी१२ जीवनसत्त्व पण बघा. शाकाहारी असाल तर विसराळूपणाला तेही कारण असतं.

जुनाजाणता: वनस्पती म्हणून निर्धास्त राहू नका. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ती जगभर गेली. पण तिच्यातल्या रिसर्पीनने काही रुग्णांना नैराश्य आल्याचं पुढे नोंदलं गेलं.

कोकणकडा: हळदीच्या दुधाने कुणाचं वाईट झालंय?

घननीळ: स्वयंपाकातल्या हळदीबद्दल कोण बोलतंय? हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फारसं शोषलंच जात नाही, म्हणून गोळ्यांत मिऱ्याचं पाइपरिन घालतात. ते इतर औषधांचंही शोषण वाढवतं. अळूवडी, आईंना सध्या नवीन काहीच नको.

अळूवडी: अश्वगंधा थांबवली. टीएसएच आणि बी१२ उद्या. सकाळची गोळी देऊन नेऊ की न देता? आणि च्यवनप्राशच्या बरणीवरही अश्वगंधा लिहिलीय, तोही बंद?

पाणवठा: रक्त देऊन झाल्यावर गोळी द्या. च्यवनप्राशही रिपोर्ट येईपर्यंत बंद. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवताना अश्वगंधेची बाटली सोबत न्या, आणि धडधड फार वाढली तर रिपोर्टची वाट बघू नका.