प्रत्यक्षाला प्रमाण कशाला? ‘प्रमाण’ या शब्दावर चर्चा

विचारणा:
‘प्रत्यक्षाला प्रमाणाची गरज नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, त्यातलाच प्रकार. पण भारतीय तत्त्वज्ञानाचं कुठलंही मराठी पुस्तक उघडलं की सांगतं, प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण. जे स्वतःच प्रमाण, त्याला प्रमाणाची गरज नाही म्हणजे नेमकं काय? दोन्हीतलं एक चूक आहे का? आणि दुसरं असं की पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेवरचं (ज्ञान म्हणजे काय, ते कसं होतं, या चर्चेवरचं) लेखन मराठीत येताना ‘एव्हिडन्स’, ‘प्रूफ’, ‘जस्टिफिकेशन’ या तिघांनाही ‘प्रमाण’ लावलेलं दिसतं. कुठे चालेल, कुठे बिघडेल?

तर्कट:
दोन्ही बरोबर आहेत. गोंधळ ‘प्रमाण’मुळे वाटतो, पण निम्मा दोष ‘प्रत्यक्ष’चा आहे.

आधी ‘प्रमाण’. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्याला ‘प्र’ उपसर्ग आणि साधन दाखवणारा प्रत्यय. ‘प्रमीयते अनेन’, ज्याच्या योगे यथार्थ जाणलं जातं ते. म्हणजे प्रमाण हे हत्यार आहे. लाकूड तोडण्याला कुऱ्हाड, तसं जाणण्याला प्रमाण. समोर आंबा आहे: पाहणारा तो प्रमाता, आंबा हे प्रमेय, डोळा हे प्रमाण आणि ‘हा आंबा आहे’ हे झालेलं यथार्थ ज्ञान ती प्रमा. तर्कसंग्रह या न्यायदर्शनाच्या ग्रंथात अन्नंभट्टानं इंद्रियालाच प्रत्यक्षप्रमाण म्हटलं आहे. इंद्रिय आणि वस्तूचा संबंध हे करण, म्हणजे साधन, असं म्हणणारेही आहेत. तो वाद इथे नको.

आता गंमत पाहा. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, इतर तिन्ही ठिकाणी हत्यार आणि फळ यांना वेगळी नावं दिली आहेत. अनुमान हे साधन, अनुमिती हे फळ. उपमान (सारखेपणावरून ओळखणं) साधन, उपमिती फळ. शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं) साधन, शाब्दबोध फळ. प्रत्यक्षाला मात्र एकच शब्द: साधनही प्रत्यक्ष, झालेलं ज्ञानही प्रत्यक्ष, आणि ‘आंबा प्रत्यक्ष आहे’ म्हणतो तेव्हा वस्तूही प्रत्यक्ष. आपल्या बोलण्यातलं ‘प्रत्यक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोरची गोष्ट किंवा तिचं ज्ञान. पुस्तकातलं प्रत्यक्ष म्हणजे साधन. पहिल्याला आणखी पुरावा नको, दुसरं स्वतःच साधन आहे. विरोध उरतच नाही.

पासोडी:
यात मराठीची भर घालतो. संस्कृतात ‘मोजमाप’ आणि ‘जाणण्याचं साधन’ हे दोन्ही अर्थ होतेच, मराठीनं पहिला फार वाढवला. प्रमाणात मीठ, प्रमाणाबाहेर खर्च, पावसाचं प्रमाण. त्यातूनच मानदंडाचा अर्थ: प्रमाणभाषा, प्रमाणवेळ (82.5 अंश पूर्व रेखांशाची). ‘प्रामाणिक’ तर पार घर बदलून बसला. संस्कृतात प्रमाणाला धरून असलेलं ते प्रामाणिक. मराठीत सचोटीचा माणूस. जुन्या टीकेत ‘अप्रामाणिक मत’ असं वाचलं तर लेखकाला लबाड ठरवू नका, मताला आधार नाही एवढंच म्हणायचं आहे.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते ‘प्रमाणे’. नेहमीप्रमाणे, सांगितल्याप्रमाणे. दिवसातून शंभरदा वापरतो, तरी तो ‘प्रमाण’ आहे हे ध्यानात येत नाही. इथे लेखनातली एक खरी अडचण आहे. अव्यय शब्दाला जोडून लिहायचं, अनेकवचन सुटं. ‘न्यायदर्शनाप्रमाणे प्रमाणे चार आहेत’ हे वाक्य बरोबर आहे. पण ‘सांख्यांच्या तीन प्रमाणे’ असं मध्येच तोडलेलं दिसलं की वाचणारा ठेचकाळतो: तीन प्रमाणं, की तिघांसारखं? अशा जागी ‘प्रमाणं’ असं बोलीतलं अनेकवचन घ्या, नाहीतर वाक्य फिरवा.

विचारणा:
सांख्यांची तीन, न्यायाची चार. बाकीच्यांची?

तर्कट:
चार्वाक 1, प्रत्यक्ष. वैशेषिक आणि दिङ्‌नागापासूनचे बौद्ध 2, प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्य 3, शब्दासह. न्याय 4, उपमानासह. न्यायसूत्राच्या तिसऱ्याच सूत्रात ती यादी आहे. प्राभाकर मीमांसक 5, अर्थापत्ती धरून. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 6, अनुपलब्धी (वस्तू दिसत नाही यावरून ती नाही हे कळणं) धरून. जैनांचे प्रत्यक्ष आणि परोक्ष असे 2, पण त्यांची विभागणीच निराळी, म्हणून बौद्धांच्या दोनाशी जुळवू नका.

हे आकडे पाठ करून उपयोग नाही. आकडा कमी म्हणजे जग लहान, असं नसतं. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसक याला अर्थापत्ती हे स्वतंत्र प्रमाण मानतो. नैयायिकही तोच निष्कर्ष मानतो, फक्त तो अनुमानात जमा करतो. भांडण देवदत्ताच्या जेवणाचं नाही, खातं कुठल्या नावानं उघडायचं याचं आहे.

खडूफळा:
‘प्रूफ’ला प्रमाण नको. गणितात आपल्याकडे ‘सिद्धता’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. शाळेच्या भूमितीच्या वहीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे मथळे असतात. पायथागोरसचं ‘प्रमेय’ही तिथलंच. हे शब्द न्यायाच्या परंपरेतले, पण वहीत येताना अर्थ बदलून आले, आणि तर्कशास्त्राकडे वळलेले विद्यार्थी नेमके इथे घसरतात. भूमितीत पक्ष म्हणजे दिलेली माहिती. न्यायात पक्ष म्हणजे ज्या ठिकाणी काही सिद्ध करायचं ते ठिकाण. ‘पर्वतावर अग्नी आहे, धूर आहे म्हणून’ यात पर्वत हा पक्ष, अग्नी साध्य, धूर हेतू. भूमितीच्या सवयीनं धुराला पक्ष म्हटलं की पुढचं सगळं उलटंपालटं होतं. प्रमेयाचंही तसंच: भूमितीत ते विधान आहे, न्यायात ती जाणण्याजोगी वस्तू.

दुसऱ्याला पटवायचं अनुमान पाच अवयवांचं: प्रतिज्ञा (पर्वतावर अग्नी आहे), हेतू (कारण धूर आहे), उदाहरण (जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात), उपनय (हा पर्वत तसाच आहे), निगमन (म्हणून तिथे अग्नी आहे). बिघडतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर. व्याप्ती (‘जिथे हे तिथे ते’ हा नियम) उलटी लावली, म्हणजे ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं, की लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा तुमचं अनुमान मोडतो. तिथे अग्नी आहे, धूर नाही. धूर होतो तो ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही इथली उपाधी, म्हणजे गुपचूप लपून राहिलेली अट. आजच्या भाषेत, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून नियम झाला असं नाही. मधली अट शोधा.

विचारणा:
पटलं. मग ‘नॉलेज’ म्हणजे ‘ज्ञान’ आणि ‘जस्टिफाइड ट्रू बिलीफ’ (‘नॉलेज’ची नेहमीची पाश्चात्त्य व्याख्या) म्हणजे ‘प्रमाणित सत्य श्रद्धा’? एका भाषांतरात असंच वाचलं.

तर्कट:
तीन शब्दांत तीन घोळ, आणि चौथा ‘ज्ञान’मध्ये. तर्कसंग्रहात ज्ञान म्हणजे बुद्धी, सगळ्या व्यवहाराचं कारण. तिचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग. अनुभव यथार्थ आणि अयथार्थ. म्हणजे दोरीला साप समजणं हेसुद्धा ज्ञानच, अयथार्थ ज्ञान. इंग्रजीत ‘फॉल्स नॉलेज’ म्हटलं तर वाक्य मोडतं, आपल्याकडे ‘भ्रमज्ञान’ हा शब्द सुखानं नांदतो. त्यामुळे पाश्चात्त्य ‘नॉलेज’च्या जवळ जाते ती प्रमा. तीही पूर्ण नाही, कारण स्मृती यथार्थ असली तरी तिला प्रमा म्हणत नाहीत. काल जेवल्याची नेमकी आठवण इंग्रजीत ‘नॉलेज’ ठरते, न्यायात प्रमा ठरत नाही.

‘श्रद्धा’ तर नकोच. ‘बाहेर पाऊस पडतोय असं त्याला वाटतं’, यात श्रद्धेचा काय संबंध?

पासोडी:
‘विश्वास’ही फारसा बरा नाही. आपण विश्वास माणसावर ठेवतो. माझं मत ‘समजूत’. ‘समजूत’ खरी असू शकते, खोटी असू शकते, आणि तिला आधार असू शकतो किंवा नसू शकतो. ‘साधार सत्य समजूत’.

तर्कट:
‘समजूत’ला चुकीचा वास येतो. ‘अशी समजूत आहे’ म्हटलं की ऐकणारा ती खोटी धरतो. मी ‘धारणा’ वापरीन. पण ‘साधार’ मात्र उत्तम. ‘जस्टिफिकेशन’ला ‘आधार’ किंवा ‘समर्थन’ म्हणा, ‘प्रमाण’ म्हणू नका. कारण सांगतो.

1963 साली तत्त्वज्ञ एडमंड गेटिअर यांनी अवघ्या तीन पानांच्या लेखात दाखवलं की धारणा खरी आहे, तिला आधारही आहे, तरी ते ज्ञान नसू शकतं. खरेपणा योगायोगानं आलेला असतो. ‘आधार’ शब्द वापरलात तर हे मराठीत नीट सांगता येतं: आधार होता, तरी ज्ञान झालं नाही. ‘प्रमाण’ वापरलात तर कोडंच नाहीसं होतं, कारण प्रमाणाची व्याख्याच प्रमेचं साधन अशी आहे. प्रमाण होतं आणि प्रमा झाली नाही, हे वाक्य न्यायाच्या भाषेत बसत नाही. मग ते प्रमाण नव्हतं, प्रमाणाभास होता.

कोडं मात्र आपल्याकडे नवं नव्हतं. बाराव्या शतकात श्रीहर्ष या तत्त्वज्ञानं ते मांडलं आहे. डोंगरावर धुकं आहे, माणसाला तो धूर वाटतो, तो अग्नीचं अनुमान करतो, आणि तिथे खरोखर अग्नी निघतो. निष्कर्ष खरा, पण त्याला प्रमा म्हणाल का? किंवा कुणी मूठ मिटून विचारतो, किती कवड्या? समोरचा अंदाजानं म्हणतो ‘पाच’, आणि मुठीत पाचच असतात.

पासोडी:
धारणा म्हणा मग, मी समजुतीवर हटून बसत नाही. ‘एव्हिडन्स’ला ‘पुरावा’. कोर्टाची मराठी यात आपल्यापेक्षा काटेकोर आहे: पुरावा दिला जातो, आरोप शाबीत होतो, आणि ‘शाबितीचा भार’ अमक्यावर असतो. 1872च्या पुरावा कायद्याची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली, पण बोलण्यातला ‘पुरावा’ जात नाही. आणि इथे शब्दप्रमाणाचा फरक लख्ख दिसतो. कोर्टात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो, सांगोवांगी सहसा चालत नाही. न्यायदर्शनात आप्ताचं वाक्य हे स्वतंत्र प्रमाण आहे. मात्र आप्त म्हणजे नातलग नव्हे, ‘आप्तस्तु यथार्थवक्ता’. जाणणारा आणि जाणलं तसंच सांगणारा. ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ची टिंगल आपण करतो ती बरोबरच आहे, पण ती टिंगल शब्दप्रमाणाची होत नाही, आप्तत्व न तपासण्याची होते.

‘बुद्धिप्रामाण्य’ही इथेच नोंदवतो. आगरकरांच्या परंपरेतला बुद्धिप्रामाण्यवाद ग्रंथप्रामाण्याच्या विरुद्ध उभा आहे: पोथीत लिहिलंय म्हणून नाही, बुद्धीला पटतं म्हणून. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ यांच्या मताला ‘बुद्धिवाद’ म्हणावं. तो अनुभववादाच्या, म्हणजे ज्ञान इंद्रियांच्या अनुभवातून येतं या मताच्या, विरुद्ध आहे. इंग्रजीत दोन्हींना ‘रॅशनॅलिझम’ हा एकच शब्द, मराठीत सुदैवानं दोन. ते एक केले तर अनुभववादी ह्यूम बुद्धिप्रामाण्याचा शत्रू ठरतो, आणि चमत्कारांची त्याच्याइतकी कडक झडती घेणारे थोडेच.

खडूफळा:
ईश्वराच्या अस्तित्वाबद्दलची ‘प्रमाणे’ असंही पाहिलं आहे. तिथे ‘युक्तिवाद’ लिहावं. ‘प्रमाणे’ म्हटलं की ते अस्तित्व सिद्ध झालं असं आधीच कबूल केल्यासारखं होतं.

विचारणा:
शेवटचं. सगळं प्रमाणानं कळतं, तर प्रमाण कशानं कळतं?

तर्कट:
हा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा प्रश्न. प्रमाणाला दुसरं प्रमाण हवं तर अनवस्था (न संपणारी मालिका), नको तर ‘सगळं प्रमाणानं सिद्ध होतं’ हा दावा गेला. मीमांसक म्हणतात ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः असतं, बाधक समोर येईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरच्या पडताळ्यानं, कळतं: पाणी दिसलं, गेलात, तहान भागली, मग ते ज्ञान यथार्थ होतं. न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात यावर तराजूचा दृष्टांत आहे. तराजूनं सोनं मोजतो तेव्हा तो प्रमाण. त्याच्याबद्दलच शंका आली की त्यालाच तपासतो, तेव्हा तो प्रमेय. एकाच वेळी दोन्ही नाही.

खडूफळा:
दृष्टांत चांगला आहे, पण त्यात दोन तपासण्या मिसळल्यात. दोन पारड्यांचा तराजू खोटा आहे का हे दुसरा तराजू न आणता कळतं. रिकाम्या पारड्यांत कल असेल तर आधी पासंग लावा. मग एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला माल, दांडी सरळ करा. आता वजन आणि माल यांची अदलाबदल करा. दांडी पुन्हा सरळ राहिली तर दोन्ही भुजा सारख्या. कलली तर एक भुजा लांब आहे. इथे तराजूनं स्वतःचीच परीक्षा दिली.

पण त्यातल्या किलोच्या वजनाचं काय? ते झिजलं असेल तर अदलाबदलीत काही कळत नाही. त्याला बाहेरचं प्रमाण लागतं, म्हणून वैध मापन खात्याचा शिक्का. नैयायिकाचं उत्तर भुजांपुरतं पुरतं, वजनापुरतं नाही.

पासोडी:
आणि शिक्का मारणाऱ्यांच्या वजनाला आणखी वरचं वजन. 20 मे 2019 पर्यंत ही साखळी पॅरिसजवळच्या एका धातूच्या ठोकळ्यापाशी थांबत होती. त्याचं वजन बरोबर आहे का, हा प्रश्नच विचारता येत नव्हता, कारण तो ठोकळा हाच किलो. तत्त्वज्ञ विटगेनश्टाईन पॅरिसच्या प्रमाण मीटरपट्टीबद्दल हेच म्हणतो: ती एक मीटर आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. त्या पट्टीला मराठीत ‘प्रमाण’ हेच विशेषण लागतं.