एडनच्या शेखांना इंग्रज काय देत होते? तनखा, खंडणी की अनुदान?

शाईचा डाग
लाल समुद्राच्या दोन काठांवर इंग्रज आणि इटालियन एकमेकांवर कशी कुरघोडी करत होते, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. एका शब्दापाशी अडलेय. अरबस्तानातल्या एडन बंदराच्या आसपासच्या सुलतानांना आणि शेखांना इंग्रज ठरावीक रक्कम देत. बदल्यात आपली जमीन दुसऱ्या कुठल्याही सत्तेला द्यायची नाही आणि वाटा खुल्या ठेवायच्या. मुळात शब्द 'सबसिडी' आहे. मी 'तनखा' लिहिलं होतं, संपादकांनी सरसकट 'अनुदान' केलं. आता वाचताना एडनशेजारच्या लहेजचा सुलतान अनुदानित शाळा चालवत होता असं वाटतं. काय करू?

बोरूबहाद्दर
'खंडणी' लिहा, विषय संपला.

घाटावरचा
बोरूबुवा, खंडणी दुबळा बलवानाला देतो. इथे सगळं उलटं आहे. १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने तोफा डागून एडन घेतलं आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच लहेजच्या सुलतानाला वर्षाला चांदीचे ६,५०० थालर कबूल केले. जिंकणाऱ्यानेच पैसे मोजले, त्याला खंडणी कसं म्हणणार?

बोरूबहाद्दर
शेखाच्या बाजूने बघा की. 'माझ्या हद्दीतून तुमचे तांडे सुखरूप जातील, पैसे टाका.' आपल्या लोकांनी चौथाई वसूल केली ती वेगळ्या बोलीवर होती का? घेणारा चौथाई म्हणतो, देणारा दप्तरात काहीही लिहो.

शाईचा डाग
चौथाईला एक चतुर्थांशाचा हिशोब लागतो, इथे तो नाही. पण घेणारा काय म्हणत असेल, हा प्रश्न चांगला आहे.

मस्कतवासी
घेणारा बहुधा 'मुशाहरा' म्हणत असेल. अरबीत शहर म्हणजे महिना, त्यावरून महिन्याच्या महिन्याला मिळणारं ते मुशाहरा. आपल्या जुन्या कागदांत हाच 'मुशाहिरा' म्हणून येतो. तोच लिहा, अरबाला अरबी शब्द!

शुद्धमती
अहो, मराठी लेखाला अरबी शब्द कशाला? 'मासिक वृत्ती' म्हणा. शिवरायांनी फारसी शब्द काढून टाकायला कोश करवून घेतला, आणि आपण साडेतीनशे वर्षांनी तेच परत आणतोय.

घाटावरचा
ताई, तुमच्या या प्रतिसादात 'कागद' नाही हे नशीब. 'वृत्ती' म्हटलं की वाचकाला मनोवृत्ती आठवते, नाहीतर शिष्यवृत्ती. सुलतान शिष्यवृत्तीवर होता का?
माझं मत 'तनखा'लाच. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले हे घरोघरी माहीत आहे. शब्द जिवंत आहे, अर्थही जवळचा आहे.

दप्तरी
जवळचा आहे, नेमका नाही. संस्थानिकांना तनखा मिळाला तो राज्य विलीन केल्यावर. दुसऱ्या बाजीरावाला ब्रह्मावर्तात वर्षाला आठ लाख मिळत, तेही गादी सोडल्यावर. एडनमागचे शेख आपापल्या जागी राज्य करतच होते. त्यांना पैसे मिळत होते ते काही सोडल्याचे नव्हेत, तर दुसऱ्याकडे न जाण्याचे. पेशवे दप्तरात यासाठी 'नेमणूक' बसला असता, पण आज 'शेखांना नेमणूक दिली' म्हटलं की लोक नियुक्तिपत्र शोधतील.

मस्कतवासी
'दुसऱ्याकडे' म्हणजे कुणाकडे, हे धाग्यात कुणी बोलतच नाही. आधी तुर्क, मग इटालियन. इटालियन समोर आफ्रिकेच्या काठावर मसावा बंदरात बसलेले. येमेनच्या उत्तरेकडच्या असीरचा सत्ताधीश इद्रिसी, त्याचं उदाहरण बघा. १९११-१२ च्या इटली-तुर्कस्तान युद्धात त्याने तुर्कांविरुद्ध इटलीकडून शस्त्रं घेतली आणि १९१५ मध्ये इंग्रजांशी करार केला. तोच माणूस, तोच शत्रू, फक्त देणारा बदलला. दोन्ही डगरींवर हात. त्याच्या पैशाला तनखा म्हणणार?

बोरूबहाद्दर
लाच.

शाईचा डाग
माझ्या लेखाचा अर्धा भाग येमेनचा धर्मप्रमुख आणि राज्यकर्ता इमाम याह्या याच्यावर आहे, तोही सांगते. तो इंग्रजांचा पगारी नव्हता. १९२५ मध्ये त्याने इद्रिसीकडून होदेदा बंदर घेतलं, १९२६ मध्ये इटलीशी साना इथे करार केला, आणि इटलीने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. मग शस्त्रं आली, डॉक्टर आले. इंग्रजांचे ते पगारी शेख म्हणजे आपलीच प्रजा, असं तो म्हणत राहिला. तुर्क आणि इंग्रज यांनी आखलेली हद्द त्याने मानली नाही. १९२८ मध्ये इंग्रजी विमानांनी त्याच्या तैझ शहरावर बाँब टाकले. १९३४ मध्ये इंग्रजांनीही त्याच्याशी तह केला. म्हणून मला शेखांसाठी असा शब्द हवा की इमामापेक्षा त्यांचा वेगळा दर्जा एका फटक्यात कळेल. 'अनुदान' त्यावर पाणी ओततं.

दप्तरी
मग 'पगारी शेख' हाच शब्द. तुम्ही आत्ताच सहज लिहून गेलात!

शुद्धमती
पगार पोर्तुगीज.

खारा वारा
एडन म्हटलं की मला फक्त वासुदेव बळवंत फडके आठवतात, तिथल्याच तुरुंगात १८८३ साली गेले. १९३२ पर्यंत एडन मुंबई सरकारच्याच ताब्यात होतं ना? म्हणजे शेखांची ही खाती मुंबईच्या दप्तरांतून गेली असणार. तिथले मराठी कारकून काय म्हणत असतील, ते शोधायला हवं.
'तनखा'बद्दल: हा शब्द 'टंका' या नाण्यावरून आलाय, फारसी नाहीच.

दप्तरी
दोन तनखे आहेत, गल्लत नको. मोगली जमाबंदीतला तनखा, म्हणजे गावाचा ठरलेला सारा, तो टंक्यावरून आला असं म्हणतात. पगाराचा तनखा फारसी 'तनख्वाह'चा. हिंदीतही तेच.

खारा वारा
आवाज इतका सारखा आणि मूळ वेगळं? मला नाही पटत.

मस्कतवासी
नाण्यांचा विषय निघालाच आहे तर, हे थालर म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाची चांदीची नाणी. राणी १७८० मध्ये वारली, पण पुढे कधीही पाडलेल्या नाण्यावर साल तेच, कारण येमेन आणि हबसाणात (इथिओपियात) लोक दुसरं नाणं धड घेतच नसत. १९३५ मध्ये मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून साचे मिळवले आणि रोममध्ये पाडायला लागला. लगोलग इंग्रजांनी १९३६ पासून लंडनमध्ये तीच नाणी पाडली. शेखाला कुणाचंही चालत होतं, चांदी खरी असली की झालं.

घाटावरचा
आणि १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली. आमच्या एका आजोबांकडे होतं एक, घरात त्याला 'जाडी राणी' म्हणत.

शाईचा डाग
मंडळी, उद्या लेख द्यायचाय. तनखा की पगारी?

शुद्धमती
घाटावरचे, 'टांकसाळ' नव्हे. टाकसाळ. अनुस्वार काढा.

घाटावरचा
आमच्याकडे उच्चारतो त्यामुळे लिहितो.