ठाण्याहून छोट्या रणात स्वतःच्या गाडीने: तलावाकाठी तंबू लावता येतो का?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. दोन कुटुंबं, दोन गाड्या. माझी थार आणि मेहुण्याची जिम्नी, दोन्ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या. नाताळच्या सुट्टीत कच्छच्या छोट्या रणात जायचं घाटतंय. नवा तलावावर पक्षी बघायचे, रणात मनसोक्त गाडी चालवायची आणि पाण्याकाठी स्वतःचे तंबू लावून राहायचं, असा बेत आहे. सोबत शाळकरी मुलं आहेत. माळशेजकडचा पावसाळी चिखल सवयीचा आहे, वाळूत कधी चालवलेली नाही. मेहुणा म्हणतो रण सोडा, सरळ जैसलमेर गाठू. परवानगी, टायर, सामान, जे सुचेल ते सांगा.

पाणथळवेडी
तलावाकाठच्या तंबूचा विचार आधी डोक्यातून काढा. छोटं रण म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य आहे, १९७३ पासूनचं, जवळपास ४,९५४ चौरस किलोमीटर. वनखात्याच्या परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आणि रात्री पाण्याकाठी मुक्काम तर नाहीच. फ्लेमिंगो, पेलिकन आणि करकोचे तिथेच रात्र काढतात, त्यांच्या उशाशी आपला स्टोव्ह कशाला? दसाडा, झैनाबाद, बजाणा या गावांच्या कडेला राहायची सोय होते. काही ठिकाणी स्वतःचा तंबूही लावू देतात, फोन करून विचारा. पहाटे आत, अंधार पडायच्या आत बाहेर.

ऐरोलीकाका
वरच्या ताईंशी सहमत. आता गाडीचं बोलू.

घोडबंदरकर, तुम्ही वाळू वाळू म्हणताय, पण छोट्या रणात वाळूचे डोंगर नाहीत. ती खाजण जमीन आहे. पावसाळ्यात बनास, रूपेण या नद्यांचं पाणी आणि खाडीतून आलेलं समुद्राचं पाणी तिथे पसरतं, मग महिनोन्‌महिने वाळत राहतं. वरचा थर भेगाळलेला, पांढुरका, टणक दिसतो. टाचेने जोरात दाबून बघा. पापडी फुटते आणि खालून काळा, चिकट, ओला गाळ वर येतो. दीड टनाची गाडी त्यावर गेली की चारही चाकं एकदम खाली, चेसिस जमिनीला. तिथे फोर बाय फोर असून उपयोग नाही, कारण चारही चाकांखाली तोच गाळ.

म्हणून एकच नियम पाळा: मिठाच्या ट्रकांनी आणि स्थानिक जीपांनी पाडलेल्या चाकोरीबाहेर जायचं नाही. सोबत गावातला वाटाड्या घ्या, तोही पुढच्या गाडीत. डिसेंबरमध्ये काही भाग ओलाच असतो, जानेवारी-फेब्रुवारीत जमीन जास्त भरवशाची. जमत असेल तर तारीख पुढे ढकला.

मेहुणा_जिम्नीवाला
काका, मग विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं रहाट, लावून घेऊ का? ठाण्यात एकाने भरपूर पैसे सांगितलेत.

ऐरोलीकाका
अहो, विंचचा दोर बांधणार कशाला? मैलोन्‌मैल एक झाड नाही तिथे. स्टेपनी गाडून तिला दोर बांधतात, पण त्या गाळात ती खणायचं काम तुम्हीच करून बघा. दोन गाड्या आहात, हीच तुमची विंच. दुसरी गाडी मात्र कडक जमिनीवर मागे थांबली पाहिजे. चांगला टो-स्ट्रॅप (गाडी ओढायचा पट्टा) आणि शॅकल (तो अडकवायची लोखंडी कडी) घ्या आणि ते चेसिसच्या हुकालाच अडकवा. बंपरला किंवा मागच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. ओढताना मुलं लांब. याशिवाय फावडं, रुतलेल्या चाकाखाली सारायचे रिकव्हरी बोर्ड, जॅकखाली ठेवायला जाड फळी. चाक रुतलं की ॲक्सिलरेटर सोडायचा. फिरवत राहिलात तर खड्डा तुम्हीच खणताय.

थरचा_वाळूवाला
जैसलमेरचं विचारलंत म्हणून. सम आणि खुहडीच्या टेकड्या म्हणजे खरी वाळू, तिथलं गणित वेगळं. टायरची हवा कमी करून १८ ते २० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणायची म्हणजे टायर पसरतो आणि गाडी तरंगते. मात्र हवा कमी असताना वेगात कचकन वळलात तर टायर रिमवरून उतरतो. चढावर वेग आधीच घ्यायचा, उतारावर सरळच यायचं, आडवं नाही. थांबताना ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर चाकांपुढे वाळूचे ढीग जमतात आणि सुरुवातच होत नाही. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच. पहिल्या खेपेला मुलांसकट एवढ्या लांब जाऊ नका. रण उरका, जैसलमेर पुढच्या वर्षी. आणि सराव म्हणून अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी घालू नका. भरतीत बुडालेल्या गाड्यांच्या बातम्या दरवर्षी येतात.

कासारवडवली_ते_कच्छ
रस्त्याचं सांगतो. झैनाबाद इथून साधारण ६०० किलोमीटर. पहाटे तीनच्या आत घोडबंदर रस्त्यावरचं गायमुख ओलांडा, उशीर झाला तर घाटातच सकाळ. ऐरोली-बेलापूरकडच्यांनी भिवंडीवरून चिंचोटीचा रस्ता धरायला हरकत नाही, फक्त ट्रक आणि खड्डे मोजायचे नाहीत. पुढे वापी, सुरत, बडोदा, अहमदाबाद, साणंद, विरमगाम, दसाडा. वाटेत नळसरोवरला वाकडी वाट करा, सकाळच्या नावेतून पक्षी अगदी जवळून दिसतात. गुजरातेत दारूबंदी आहे, डिकीत 'थोडीशी' ठेवू नका, मुलांसमोर शोभा होईल.

पाणथळवेडी
रानगाढवांबद्दल राहिलंच. ती ताशी ७० च्या आसपास पळतात, म्हणून काही जण बाजूने गाडी दामटून 'शर्यत' लावतात. हा निव्वळ छळ आहे. मादी गाभण असेल तर जिवावरही बेततं. इंजिन बंद करून थांबा, कळप स्वतःच चरत जवळ येतो. आणि मिठागरं बघायची तर अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या, झोपडीपाशी उतरून, विचारून बघा. त्यांच्या वाफ्यांच्या बांधावरून गाडी नेऊ नका, महिन्यांचं काम एका चाकाने फुटतं.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. ठरलं: जानेवारी अखेर, दसाड्याजवळ मुक्काम, विंच रद्द, मेहुण्याची समजूत बायको काढतेय. परवाना ऑनलाइन काढावा की बजाण्याला जाऊन?

ऐरोलीकाका
मुक्काम ठरला की तिथल्याच माणसाला सांगा, वाटाड्या आणि परवाना दोन्ही तो बघेल. परत आल्यावर गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या, त्याच दिवशी. मीठ चेसिसला सोडत नाही.