पात्र होऊन बोलायचं की पात्राबद्दल सांगायचं?

नदीकाठ
डीएम (गोष्ट चालवणारा, आमची सोडून बाकी सगळी पात्रं तोच होतो) धरून आम्ही पाच जण. एका रविवाराआड कोथरूडला जमतो, डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून रंगवायच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. माझी क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारं पात्र) आता पाचव्या लेव्हलला आहे.

मागच्या खेपेला खेळात एका नावाड्याकडे होडी मागायला गेलो. त्याच्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नव्हतो. मी सरळ बोलायला लागले, "काका, मंत्र माझ्याकडे होता. मी तो दुसऱ्यावर खर्च केला." डीएम नावाडी होऊन नुसता खाली बघत राहिला. खोलीत कुणी चिप्ससुद्धा खात नव्हतं. तेवढ्यात आमचा फायटर (योद्ध्याचं पात्र खेळणारा) म्हणाला, "परसुएजन टाक ना, पुढे जाऊ." मन वळवण्याचा फासा टाकला, सतरा आले. नावाड्याने माफ केलं, होडी दिली. मग चार राउंडची लढाई, दीड तास.

मला ती माफी नको होती, निदान इतक्या लवकर तरी. मला लढाईचं वावडं नाही, पण मी रविवारची वाट बघते ती अशा पाच मिनिटांसाठी. माझा ग्रुप चुकलाय का?

वीसचा_फासा
मी तुमच्या फायटरसारखाच. "माझा बार्ड (गाणारं-बोलणारं पात्र) त्याची समजूत काढतो" एवढंच म्हणतो. मला चारचौघांत पटकन शब्द सुचत नाहीत, पण माझ्या बार्डचा करिष्मा १८ आहे, म्हणजे भरपूर. आडदांड बार्बेरियन खेळणाऱ्याला कुणी खरं दार तोडून दाखवायला सांगत नाही, मग मीच भाषण का करायचं? फासा आहे म्हणून मला गोडबोल्या माणूस खेळता येतो. मात्र दुसरं कुणी बोलत असताना मध्ये रोल (फासा टाकणं) मागणं मलाही पटत नाही.

पडद्यामागे
सहा वर्षं डीएम आहे. फायटरपेक्षा मला डीएमशी बोलावंसं वाटतं. निकाल खरोखर अनिश्चित असेल तेव्हाच फासा टाकायचा, आणि ते ठरवणं त्याचं काम. मी आधी बोलू देते, मग विचारते, "यातून तुला नक्की काय हवंय?" होडी हवी असेल तर रोल. माफी हवी असेल तर ती एका रोलवर मी देत नाही.

एकदा अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) हा याच जातीचा दुसरा खेळ खेळून बघा. दोन सहाबाजूंचे फासे, वर तुमच्या पात्राच्या गुणाचा आकडा. १० किंवा जास्त आले तर हवं ते मिळतं, ७ ते ९ ला बहुतेकदा काहीतरी मोजावं लागतं. अधिक-उणे काही नसेल तर ३६ पैकी १५ वेळा हे मधलंच पडतं. म्हणजे फाशानंतरही बोलणं उरतं. तुमच्या नावाड्याने होडी दिली असती, पण स्वतः वल्हवायला आला नसता.

आणि ग्रुप चुकलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ चा, आणि १९८० मध्येच ग्लेन ब्लॅको या खेळाडूने लेख लिहून खेळण्याचे चार प्रकार मांडले होते. एका टेबलावर ते सगळे बसतातच.

नदीकाठ
@वीसचा_फासा, शब्द सुचत नसतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचा फायटर लढाईत मात्र तासभर मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) हलवत मनापासून रमतो, आणि तेव्हा मी फोन बघत असते. हे त्यालाही खुपत असणार.

आत्ताच डीएमला मेसेज केला: परतीच्या वाटेवर तोच नावाडी हवा, आणि बोलणं संपेपर्यंत फासे डब्यात. लढाईत मी फोन पिशवीत ठेवीन, हेही कळवलं. त्याचं उत्तर आलं, "नावाड्याला बायकोही आहे."