फोंड्यातल्या गाडीला टायर कोणते घालावेत?

प्रेषक: मॉन्ट्रियलहून (मूळ कुर्टी, फोंडा)

मंडळी, नमस्कार.

मेअखेर आम्ही गोव्यात येतोय. पाऊस धरायच्या आत बाबांच्या गाडीचे टायर बदलून टाकायचेत. २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, माप १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची), शोरूममधून आलेलेच टायर. बाबा गाडी फार काढत नाहीत. सोमवारी मंगेशी, अधूनमधून फोंड्याचा बाजार, कधीतरी पणजीला डॉक्टरकडे. वर्षाला तीनएक हजार किलोमीटर होत असतील. आम्ही आलो की मात्र गाडीला उसंत नसते. सामान, पोरं, आणि चोर्ल्याच्या घाटातून बेळगाव.

गॅरेजवाला म्हणतो, पुढचे दोन बदला, मागचे नवेकोरे आहेत. स्विफ्टवाल्यांच्या एका गटावर विचारलं, तर तासाभरात लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. एकाने सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या टायरचा फोटो टाकला, दुसरा म्हणाला १६ इंची अलॉय रिम घाल, तिसऱ्याने 'परदेशातून आलेत पैसे उडवायला' अशी मल्लिनाथी केली. मी गट म्यूट केला. आपल्या या चर्चा-यादीत गोव्यात परतलेले बरेच जण आहेत, म्हणून इथे विचारतोय.

प्रेषक: दुबईहून (मूळ डिचोली)

डोळे झाकून एमआरएफ. उसगावला कारखाना आहे, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. घरचं सोडून बाहेर कशाला जायचं? आणि नक्षी शिल्लक आहे तर मागचे दोन फेकता कशाला? आमच्या काकांनी एकच जोडी बारा वर्षं वापरली. टायर गुळगुळीत झाला की बदलायचा. यात विचारण्यासारखं काय आहे?

प्रेषक: म्हापशाहून

कुर्टीकर, आधी बाबांना फोन करा आणि टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचून घ्या. डीओटी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी. १४१८ असेल तर २०१८ सालचा चौदावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे एखाद्या चाकाची आत गेलेली असेल. त्यासाठी बाबांना गाडीखाली वाकायला लावू नका, जेवढे दिसतात तेवढे पुरे.

डिचोलीकर भाऊ, कंपनीवरून तुमच्याशी भांडण नाही. कुर्टीकरांच्या मापाचा टायर उसगावहून येतो की आणखी कुठून, यावरून त्याची पकड ठरत नाही इतकंच. भांडण आहे ते नक्षीवरून. १.६ मिलिमीटर ही कायद्याची मर्यादा. नक्षीच्या खाचांत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. हा हिशेब धावणाऱ्या गाडीचा झाला. उभ्या गाडीचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराचा मऊपणा खातात. टायर कडक होतो, बाजूला केसासारख्या भेगा पडतात. नक्षी सगळी जागेवर असते आणि ओल्या रस्त्यावर गाडी साबणावरून घसरल्यासारखी जाते.

कुर्टीकर, तुम्हाला हे नवं नाही. तुमच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात. उन्हाळी टायरची नक्षी तेव्हा कुठे पळालेली नसते, थंडीत त्याचं रबर कडक पडतं म्हणून तो काढायचा. तिथे थंडी जे करते ते इथे वय करतं. फरक एवढाच की तिथे मार्च संपला की रबर पुन्हा मऊ होतं, इथे होत नाही.

बरेच टायरवाले सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी टायर कसाही दिसो, बदला. त्यात स्टेपनीही आली. वय बनल्याच्या तारखेपासून मोजायचं, तुम्ही घातल्याच्या नाही. आठ वर्षं गोव्याच्या उन्हापावसात काढलेल्या टायरला मी दहाव्या वर्षाची वाट बघायला लावणार नाही, त्यातून तुम्ही पोरं भरून जूनमध्ये घाट चढणार. चारही बदला.

आता त्या सत्तर हजारवाल्याबद्दल. तो खोटं बोलत नव्हता. बहुतेक टॅक्सीवाला असेल, रोज दाबोळी ते मोपा, अशा दोन विमानतळांमध्ये फेऱ्या मारणारा. टायर किती टिकतो हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण तुमचं गणित करून बघा. वर्षाला तीन हजार म्हणजे दहा वर्षांत तीस हजार. साधासुधा टायरही चाळीस हजार सहज काढतो. म्हणजे तुमचा टायर झिजायच्या आधी वयाने जाणार. मग टिकाऊपणासाठी पैसे मोजायचे कशाला? फार टिकणारं रबर सहसा थोडं कडक असतं, आणि त्याची किंमत ओल्यात मोजावी लागते. त्याने ज्या गुणासाठी टायरची पाठ थोपटली तोच तुमच्यासाठी नापसंतीचं कारण ठरतो. तुम्ही दुकानात 'लवकर झिजला तरी चालेल, पावसात धरणारा द्या' असं म्हणा. दुकानदार चमकून बघेल, बघू दे.

कंपन्यांपैकी ब्रिजस्टोन, मिशलिन, योकोहामा, अपोलो, सीएट, एमआरएफ, जेके, यातल्या कुणाचाही चालेल. तुमच्या मापात ताजा कोणता मिळतो ते महत्त्वाचं. दुकानात जुना माल पडून असू शकतो. फोनवर ऑर्डर देऊ नका. टायर समोर ठेवायला सांगा, आठवडा-साल वाचा, सहा महिन्यांच्या आतला असेल तरच चढवू द्या. आयएसआयची खूण हवी. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जुनाच भाव सांगत असेल तर तशी आठवण करून द्या.

१६ इंची अलॉय विसरा. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, १८५/६५ आर १५ येतो. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास काढून बघा, एक ६२०, दुसरा ६२१ मिलिमीटर. कंपनीने तो मुद्दाम जुळवलेला असतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं दाखवेल. आहे त्याच रिमवर थोडा रुंद हवा असेल तर १८५/७० आर १४ बसतो, व्यास ६१५. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. आपल्या पावसात अरुंद टायर हा गुण आहे, गटावर त्याचा फोटो कुणी टाकत नाही एवढंच. मापाच्या पुढे ८५ टी असं काही लिहिलेलं असेल. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९०. सध्याच्या टायरवर जे असेल त्याच्या खालचं घेऊ नका.

आणि गट सोडू नका. स्विफ्टची एखादी खोड निघाली, तर ती इथे आम्हा म्हाताऱ्यांना नाही, त्यांनाच आधी कळणार. फक्त 'कोणता टायर चांगला' असं विचारलंत की प्रत्येकजण स्वतःच्या गाडीचं उत्तर देतो आणि मग दुसऱ्याचं उत्तर त्याला अपमान वाटतं. इथे लिहिलंत तसं तिथेही लिहा, किती चालते, कुठे चालते, किती वजन घेऊन. अर्धे लोक आपोआप गप्प बसतील.

प्रेषक: दुबईहून

म्हापशाचे साहेब, वयाचं मान्य. काकांच्या टायरची तारीख कुणी पाहिली नव्हती. पण समजा दोनच बदलायचे, तर गॅरेजवाला बरोबरच आहे ना? पुढची चाकं गाडी ओढतात, पुढचीच वळवतात, ब्रेकचा जोरही पुढेच. नवे पुढेच हवेत.

प्रेषक: वास्कोहून

नाही हो भाऊ, नवे दोन नेहमी मागे. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उलटंच वाटलं होतं, पण कारण सरळ आहे. पाण्यावर पुढची चाकं सुटली की गाडी सरळ जाते. आपण घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागची सुटली की गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाबरून पाय उचललात तर आणखी फिरते. ती सावरायला हात तयार लागतात, ते रोज बाजाराला जाणाऱ्या माणसाकडे नसतात. त्यांच्याकडे का असावेत? म्हणून चांगली पकड मागे. पुढचे आधी झिजतात हे खरं, तेव्हा बरे असलेले मागचे पुढे आणा आणि नवे मागे घाला. गॅरेजवाला कुरकुरतो कारण त्याला चार चाकं खोलावी लागतात.

कुर्टीकर, तुमचा प्रश्न चार टायरचा आहे, तेव्हा हे पुढच्या वेळेसाठी.

मी आयुष्यभर गोदीत देखभालीचं काम केलंय, म्हणून गंजाबद्दल थोडं. व्हीएक्सआयला लोखंडी रिम असतात. आपल्या खाऱ्या हवेत रिमची कड, जिथे ट्यूबलेस टायर टेकतो, तिथे गंजाचे पोपडे धरतात. मग हवा हळूहळू जात राहते, पंक्चरवाला पाण्यात बुडवून बघतो, खिळा सापडत नाही, आणि लोक नव्या टायरला शिव्या देतात. टायर उतरवलेले असतील तेव्हा कड तारेच्या ब्रशने घासून घ्या. वॉल्व नवीन घाला, किरकोळ खर्च आहे. मग बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), शेवटी अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं). टायरवर 'आउटसाइड' किंवा बाण कोरलेला असेल तर तो तसाच बसवलाय ना, हे स्वतः बघा.

नायट्रोजन भरा म्हणून गळ घालतील. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा बाबांना महिन्यातून एकदा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतल्या आकड्याप्रमाणे हवा बघायला सांगा. तुम्ही सामान भरून निघाल तेव्हा त्याच पट्टीवर पूर्ण वजनाचा वेगळा आकडा दिला असेल, तो घ्या.

पहिल्या पावसात मात्र टायर कुठलाही असो, सांभाळून. लाल मातीची धूळ आणि तेल मिळून रस्त्यावर जो राप तयार होतो तो धुऊन जायला काही दिवस लागतात.

प्रेषक: यादीचे व्यवस्थापक

वातावरण अजून थंड आहे म्हणून धागा उघडा ठेवतोय. गेल्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून दोन सभासदांनी एकमेकांना दिवाळी अंकाच्या बैठकीत नमस्कारसुद्धा केला नव्हता. कंपनीचं नाव घ्यायला बंदी नाही. फक्त नावासोबत गाडी, माप आणि टायर किती साली घातला ते लिहावं.

प्रेषक: मॉन्ट्रियलहून

सर्वांचे आभार. बाबांनी आकडे वाचले, त्यासाठी शेजाऱ्याच्या मुलाला टॉर्च घेऊन बसवलं. तीन चाकं १४१८. चौथ्यावर ३१२१ निघालं. बाबांना आठवलं, बोरीच्या पुलाजवळ टायर बाजूने फाटला होता, तेव्हा एकच नवीन घेतला. स्टेपनी १३१८, डिकीतून एकदाही बाहेर आलेली नाही. चार नवे घेतोय. प्रश्न एवढाच की तो २०२१ चा स्टेपनीत टाकला तर चालेल का?

प्रेषक: वास्कोहून

चालेल, माप तेच आहे. आधी आतून-बाहेरून भेगा नाहीत ना, बाजूला फुगवटा नाही ना, ते टायर उतरवल्यावर बघून घ्या. स्टेपनीच्या रिमची कडही घासा. हवा दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त भरून ठेवा, तिच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही. आणि २०३१ आलं की तिलाही काढा.

१३१८ चा तो टायर दुकानदार 'नवाच आहे' म्हणून मागेल. देऊ नका, दुसऱ्या कुणाच्या गाडीला चढेल. बाजूवर ब्लेडने चीर मारा आणि मग द्या.