मदत हवी आहे: उथळ पाण्यात होडी थांबवली की मासे दूर जातात, आवाजाचं नेमकं गणित काय?

प्रश्न
दीड-दोन मीटर खोल, गढूळ पाणी. ॲल्युमिनियमची होडी. लक्ष्य कार्प आणि मरळ. होडी थांबवल्यावर बराच वेळ ओढ येत नाही. बोलणं बंद ठेवावं का? फिशफाइंडरच्या (ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्राच्या) आवाजाने मासे बिथरतात का? आणि रॅटलवाला लूर (आत खुळखुळणाऱ्या गोळ्या असलेलं नकली आमिष) अशा पाण्यात खरंच चालतो का?

प्रतिसाद १
बोला खुशाल. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक सगळा परततो, जेमतेम हजारावा भाग ऊर्जा आत उतरते. घात होतो तो पत्र्याला लागलेल्या धक्क्याने. होडीच्या तळावर पक्कड पडली, वल्हं काठाला घासलं, नांगराची साखळी खडखडली की ते कंपन थेट पाण्यात जातं आणि सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने पसरतं.

तळावर ५-६ मिमी जाडीचा ईव्हीए फोम (मऊ, रबरासारखा फोम) लावा. आधी पत्रा पुसून पूर्ण कोरडा करा, नाहीतर खाली पाणी शिरून फोम सुटतो आणि सुटलेला तुकडा स्वतःच आपटत राहतो. वल्ह्याच्या कड्यांना रबर लावा. नांगराला दोर बांधा, साखळी फक्त शेवटचा मीटरभर, आणि नांगर फेकू नका, हाताने सोडा. इंजिन ४०-५० मीटर आधीच बंद करून वाऱ्यावर सरकत या. ट्रोलिंग मोटर (होडी हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) असेल तर एकाच मंद वेगावर ठेवा. सारखी चालू-बंद केलेली मोटर जास्त त्रास देते असं माझं ठाम मत आहे. काठावरून टाकत असाल तर पाय आपटू नका, ओली जमीनही कंपन पोचवते.

प्रतिसाद २
फिशफाइंडर बिनधास्त चालू ठेवा. तो साधारण ५० ते २०० किलोहर्ट्झवर चालतो, कार्पचे कान काही हजार हर्ट्झलाच थांबतात. (हेरिंगच्या कुळातले शॅड मासे मात्र अल्ट्रासाउंड ऐकतात, तो अपवाद.)

तुमचे दोन मासे ऐकण्यात सारखे नाहीत, हे महत्त्वाचं. माशाचं अंग जवळपास पाण्याच्याच घनतेचं, म्हणून आवाज त्यातून आरपार जातो. कानातले कर्णाश्म (खड्यासारखे कण) जड असल्याने मागे रेंगाळतात आणि तो फरक संवेदक केसांना कळतो. कार्प आणि मांगूर यांच्यात शिवाय वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना वरच्या पट्टीचे आवाजही नीट ऐकू येतात. मरळमध्ये ती साखळी नाही. अशा माशांची मुख्य भिस्त खालच्या पट्टीवर, बऱ्याचदा काहीशे हर्ट्झच्या आतच.

म्हणून मरळसाठी बारीक मण्यांच्या किणकिणाटापेक्षा एकच जड गोळी असलेला, ठक्-ठक् वाजणारा लूर घ्या. रॅटल फक्त लांबून दिशा दाखवतो. शेवटचा घाव पार्श्वरेषेवर (माशाच्या अंगाच्या बाजूने जाणाऱ्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या इंद्रियावर) ठरतो, आणि तिला पाण्याची हालचाल एक-दोन शरीरलांबीच्या आतच कळते. ४० सेंटिमीटरच्या माशाला म्हणजे फार तर ८० सेंटिमीटर. त्यामुळे एकाच रेषेत पुनःपुन्हा टाका, सावकाश आणि सम गतीने ओढा. वेडेवाकडे झटके दिले की गढूळ पाण्यात मासा झेपावतो, पण नेम चुकतो. स्पिनरला (फिरत्या पात्याच्या लूरला) कोलोरॅडो नावाचं गोल पातं लावा, ते निमुळत्या पात्यापेक्षा हळू फिरतं आणि जास्त पाणी ढकलतं.

कार्प आवाजाची सांगड अन्नाशीही घालतात आणि धोक्याशीही. रोज गळ पडणाऱ्या नितळ पाण्यात रॅटल काढूनच ठेवा.

प्रश्नकर्ता
आभार! मऊ रबरी लूरमध्ये रॅटल नंतर घालता येतो का?

प्रतिसाद २
हो. ४-५ मिमी व्यासाची रॅटल नळी घ्या. जाड सुईने आधी भोक पाडा आणि नळी गळाच्या वाकापासून दूर, पोटाच्या बाजूने सरकवा. वाकाजवळ बसवलेली काचेची नळी हिसका देताना फुटते. पाठीकडे बसवली तर लूर उलटा पोहतो. टाकण्याआधी हलवून बघा, गोळ्या अडकल्या असतील तर आवाज येणारच नाही.