शनिवार-रविवारी रायगडावर माणसांची मर्यादा हवी का?

सह्यवाट
जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अभिमान आहेच. पण सुट्टीच्या दिवशी रायगडावरची गर्दी पाहून जीव तुटतो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आगीत वाडे जळाले. उरली ती जोती आणि भिंती. आता त्याच जोत्यांवर चढून फोटो काढायला रांगा लागतात.
माझं मत: शनिवार-रविवारी किती जण वर सोडायचे ते ठरवा, आगाऊ नोंदणी लावा. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत हेच करतात. फुलं पुढच्या वर्षी पुन्हा येतात, ढासळलेला चिरा येत नाही.

पाचाडचा
ठाम विरोध! मर्यादा आली की पहिला घाव आमच्या पोटावर. शनिवार-रविवारच्या पिठलं-भाकरी आणि ताकावर इथली, गडाच्या पायथ्याच्या पाचाडमधली, कितीतरी घरं चालतात. आणि नोंदणी कोण करणार? पुण्या-मुंबईचा मोबाइलवाला. मराठवाड्यातून रात्रभर टेम्पोत बसून जो समाधीला डोकं टेकायला येतो, त्याला चित्त दरवाज्यावरून माघारी पाठवणार का? जोत्यावर चढणारे असतात, मान्य. मग राखणदार वाढवा, गावातलीच पोरं घ्या.

कातळकडा
मूळ दुखणं रोपवे आहे. काही मिनिटांत वर, मेघडंबरीसमोर फोटो, बाजारपेठेत एक चक्कर आणि जेवायच्या वेळेला खाली. गड कळायला पायऱ्याच चढाव्या लागतात. दम लागलेला असताना महादरवाजा समोर येतो, तेव्हा समजतं की दोन बुरुजांच्या आड तो असा का दडवलाय. अगदी जवळ पोचेपर्यंत शत्रूला दिसतच नाही. रोपवे फक्त वृद्ध आणि अपंगांसाठी ठेवा.

स्वाती_नाशिक
आणि कोण अपंग, हे नुसतं बघून कळणार कसं? माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, वय मात्र ५६. तिने आधी दाखले दाखवायचे? १९९६ पासून रोपवे आहे म्हणून तिच्यासारख्यांना गड दिसला. जगदीश्वराच्या देवळात हिरोजी इंदुलकरांची पायरी पाहून ती बराच वेळ हलली नाही. ज्याने गड बांधला त्याचं नाव कळसावर नाही, पायरीवर आहे, हे तिला पायी न चढताही कळलं. पायी गेला म्हणून कुणी मोठा शिवभक्त होत नाही.

कातळकडा
तुमच्या आईंबद्दल आदरच आहे, ताई. मी धडधाकट तरुणांबद्दल बोलतोय.

सह्यवाट
@पाचाडचा, अर्ध्या जागा पाचाडला खिडकीवरच द्या, येईल त्याला. मोबाइलची गरजच नाही. शनिवारी ज्याला जमलं नाही तो मंगळवारी येईल, धंदाही आठवडाभर पसरेल.

पाचाडचा
दादा, मंगळवारी कोण येतो? नोकरदाराला सुट्टी शनिवार-रविवारचीच.
गर्दी तोडायचीच असेल तर वळवा. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, त्यांचा वाडा आहे. गडाकडे सुटलेल्या किती गाड्या तिथे थांबतात? उतरल्याशिवाय पुढे जाणारेच जास्त. ज्या माउलीने राज्याभिषेक पाहिला आणि त्यानंतर काही दिवसांतच इथे देह ठेवला, तिच्या समाधीवरून लोक हॉर्न वाजवत जातात, हे आम्ही रोज बघतो. सकाळच्या अर्ध्या गाड्या आधी पाचाडला उतरवा, मग गडावर सोडा. वेळा वाटून द्या. ताजमहालाच्या तिकिटावरही तीन तासांचीच मुभा असते. कुणाला परत पाठवायची गरज नाही.

शाळामास्तर
याला अनुमोदन. सहलीची मुलं भरगर्दीत गडावरच्या होळीच्या माळावर उभी केली की माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. पाचाडच्या वाड्यात शांतपणे सांगता येतं, आणि मुलं प्रश्न विचारतात.

सह्यवाट
पाचाड आधी, हे मनापासून पटलं. पण एका वेळेला किती, हा आकडा ठरवावाच लागेल. नाहीतर ११ च्या तुकडीतच सगळे घुसतील.

कातळकडा
आणि राज्याभिषेकदिनी? त्या दिवशी मर्यादा लावून दाखवा!

सह्यवाट
त्या दिवशी नकोच. ६ जून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि पुण्यतिथीची चैत्र पौर्णिमा, हे दिवस सगळ्यांना मोकळे असावेत. मी बाकीच्या शनिवार-रविवारांबद्दल बोलतोय. @पाचाडचा, एका वेळेला वर किती माणसं झेपतात असं तुम्हा गावकऱ्यांना वाटतं?